सशिणीचं अंथरूण

आमच्या भावोजींना कुणाच्या घरी न्यायची सोय नाही. इतर माणसं पाहुणी गेली की दारात चपला काढतात, पाणी पितात, हवापाण्याचं बोलतात. भावोजी सरळ आतल्या खोलीत जातात आणि पलंगावरची गादी तळव्याने दाबून बघतात. एकदा उशाशी, एकदा मधोमध, एकदा पायथ्याशी. मग बाहेर येऊन, चहा येईपर्यंत, यजमानांची पाठ नेमकी कुठे दुखते ते यजमानांनाच समजावून सांगतात. बहुतेक वेळा बरोबर सांगतात, म्हणून तर जास्त राग येतो. ताईच्या एका मैत्रिणीचे सासरे गेले तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. भावोजींनी त्या गेलेल्या माणसाची गादी दाबली आणि रडणाऱ्या घराला सांगितलं की शेवटी शेवटी यांना झोप लागत नसणार. परत येताना ताई वाटभर त्यांच्याशी बोलली नाही.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि धंद्याने गादीवाले. तळमजल्यावर पुढे त्यांचं दुकान, त्यात कापूस पिंजायचं यंत्र, मागे दोन खोल्यांत ताई आणि ते, आणि वरच्या खोलीत मी, माझं शिलाई मशीन आणि माझा राग. मी खोळी शिवते, ते भरतात. खोळ आखूड झाली असं ते म्हणतात, कापूस जास्त कोंबला असं मी म्हणते, आणि यावर आमची इतकी वर्षं गेली. ते मला शिंपीणबाई म्हणतात. मी लग्न केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर मी भावोजींकडे बोट दाखवते. ताई हसते, भावोजीही हसतात, आणि विषय तिथेच मिटतो.

माणूस हाताचा चांगला, जिभेचा तिखट आणि दोन गोष्टींत पक्का हट्टी. पहिली गोष्ट, या घरातून मऊ म्हणून काही बाहेर टाकायचं नाही. जुन्या स्वेटरची लोकर, फाटक्या उशीतली पिसं, कोटाचं अस्तर, सगळं निवडून, झटकून, उन्हात घालून कुठल्या ना कुठल्या गादीत जाणार. एकदा मी केस कापून घेतले तर हे जमिनीकडे असे बघायला लागले की मी स्वतःच झाडू घेतला. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा टाका. एकदा घातलेला टाका ते उसवत नाहीत. एका गिऱ्हाइकाचा चष्मा भरताना गादीत गेला. गिऱ्हाईक म्हणालं, उसवून काढून द्या. भावोजींनी त्याला पदरचा नवा चष्मा करून दिला, पण गादीला हात लावला नाही. तो माणूस अजून आपल्या जुन्या चष्म्यावर झोपतो.

अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने लग्न कुणाशी करावं? तिने केलं फोमच्या गाद्या विकणाऱ्याशी. मोठं काचेचं दुकान, तिथे हा टाय लावून उभा राहतो आणि लोकांना गादीवर बसून बघा म्हणतो. मुलगा पत्ते कुटणारा निघाला असता तर भावोजींनी पदरात घेतला असता. फोम मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. जावई अगदी गरीब स्वभावाचा, बोलायला मऊ. आमच्याकडे आला की लाकडी स्टुलावर बसायचा, कारण गादीवर बसावं तर सासऱ्यांची नजर आणि न बसावं तर सासऱ्यांचा अपमान. भावोजी त्याच्या मागे त्याला फोमवाले म्हणायचे आणि तोंडावर काहीच म्हणायचे नाहीत.

मग मुलीला दिवस गेले, आणि भावोजी दुकानाचं दार लावून काहीतरी करायला लागले. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची जुनी सवय आहे. बाळाची गादी चालली होती. माझ्याकडून एक छोटी खोळ शिवून घेतली, पांढरी, कडेला पिवळी पट्टी, आणि कुणाला सांगणार नाही असं वदवून घेतलं. कापूस मुठीमुठीने निवडायचे, सरकीचा एक कण राहू द्यायचे नाहीत. ताईला माहीत होतं, मला माहीत होतं, समोरच्या किराणावाल्यालाही माहीत होतं. मुलीला तेवढं माहीत नव्हतं.

एका दुपारी मुलगी आणि जावई पिंजरा घेऊन आले. पिंजऱ्यात राखाडी, गुबगुबीत, लोंबत्या कानांचा ससा. जावयाने बायकोला सोबत म्हणून नुकताच दुकानातून आणला होता. आता डॉक्टरांनी तिला वाकायला मनाई केली, पिंजरा झाडायचा कुणी, जावई तर दिवसभर कामावर. तेव्हा बाळ होईपर्यंत ठेवून घ्या, असं मुलगी म्हणाली. भावोजींनी थोडे आढेवेढे घेतले आणि ठेवून घेतला. सगळं गोडीगुलाबीत चाललं होतं. निघताना मुलीने बापाच्या दंडाला हात लावला.

"बाबा, बाळासाठी गादी आणलीय आम्ही, यांच्याच दुकानातली. धुता येते. कापसाची ओली झाली की वाळत नाही, आणि आमच्याकडे ऊन कुठे येतं? तेव्हा तुम्ही काही करत बसू नका."

भावोजी म्हणाले, "बरं."

इतकं छोटं वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. मुलीचं म्हणणं खरं होतं, हे त्यातलं सगळ्यात वाईट. तिच्या घरात ऊन येत नाही हे भावोजींनाही ठाऊक होतं. ती गेल्यावर हे दुकानात गेले, दार लावलं आणि बाळाच्या गादीचं काम जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं. या माणसाला त्या वेळी आयुष्याकडून दुसरं काही नको होतं. आपल्या नातवंडाने आपल्या हातच्या गादीवर निजावं, बस. हे देणार, ती नको म्हणणार, आणि यांचं तोंड कसं होणार ते मला आधीच दिसत होतं. भांडायला कितीही बरे वाटले तरी माझे भावोजी आहेत ते. माझा जीव तुटला.

ससा मात्र घरात असा रुळला की जणू भाडं तोच भरतो. तो मुळात ससा नव्हता, सशीण होती, हे पाठीमागच्या गल्लीतल्या दूधवाल्याने सांगितलं. खायला उशीर झाला की मागचा पाय जमिनीवर आपटायची, म्हणून भावोजींनी तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. दोघांचं छान जमलं, कारण स्वभाव एकच. यंत्र बंद असलं की ती दुकानभर मोकळी फिरायची आणि भावोजी तिला फोमचे तोटे समजावून सांगायचे. ती चावत बसायची. इतकं शांतपणे ऐकून घेणारं माणूस त्यांना या घरात मिळालं नव्हतं.

थोड्या दिवसांनी बाईसाहेबांचं काहीतरी बिनसलं. तोंडात गवताच्या काड्या धरून इकडेतिकडे फिरायला लागली. मग स्वतःच्या छातीचे केस ओढून ओढून काढायला लागली, इतके की खालची कातडी दिसायला लागली. भावोजी म्हणाले, उष्णता. ताई म्हणाली, घरची आठवण येत असेल. मी म्हणाले, दिवसभर यांचं ऐकून दुसरं काय होणार. आम्ही तिघंही चुकलो. कोपऱ्यात रिकाम्या रिळांचं एक लाकडी खोकं होतं, त्यात ती हे सगळं नेऊन टाकत होती, आणि आम्ही शहाणी माणसं खिडकीला पडदा लावावा का यावर चर्चा करत होतो.

एका सकाळी ताई झाडायला गेली आणि खोक्यातले केस हलताना दिसले. तिने वरचे केस बाजूला केले आणि तिथेच जमिनीवर बसली. आत सहा पिल्लं होती. बोटाएवढी, उघडी, गुलाबी, डोळे घट्ट मिटलेले, एकमेकांत अशी गुंतलेली की कुणाचा पाय कुणाचा ते कळेना. बाईसाहेब दुकानातूनच पोटुशी आली होती. भावोजींना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. आत काय भरलंय ते न बघता माल घ्यायची फोमवाल्यांची सवयच आहे, असं ते म्हणाले, आणि हे वाक्य त्यांनी त्या सकाळी तीन वेगवेगळ्या गिऱ्हाइकांना ऐकवलं.

ताईने मुलीला फोन केला. मुलगी आधी हसली, मग रडायला लागली. त्या दिवसांत बायका कशानेही रडतात म्हणतात, पण ती नुसती रडत नव्हती. एकालाही काही होऊ देऊ नका, एवढंच परत परत म्हणत होती. आपल्या पोटात असलेल्या बाळाचं आणि त्या सहा जणांचं तिने मनात काहीतरी जोडून टाकलं होतं. भावोजींनी ताईच्या हातातून फोन घेतला.

"एकालाही काही होणार नाही," ते म्हणाले. "शब्द आहे माझा."

फोन ठेवला, बाह्या सरसावल्या आणि खोक्यापाशी बसले. पहिल्यांदा अंथरुणाची तपासणी झाली. खाली वेडंवाकडं गवत खुपसलेलं, मध्ये खड्डा, त्यात केस नुसते टाकलेले. तळवा ठेवून दाबून बघितलं, मान हलवली. एक टाका नाही की एक शिवण नाही, असं कुठे अंथरूण असतं का, पण जाऊ दे, पहिलटकरीण आहे, हिला कोण शिकवणार, असं म्हणाले. तोंडावर समजूतदारपणा होता, पण मनात काय चाललं होतं ते मला दिसत होतं. मुलगी पिल्लं बघायला येणार होती. आली की तिला दिसणार होतं, बापाच्या हातची गादी म्हणजे काय चीज असते ते.

मग सहाही पिल्लं टोपलीत टॉवेलवर काढून ठेवली, आईने केलेलं सगळं उपसलं, गवत उकिरड्यावर, आणि खोक्याच्या मापाची गादी तयार केली. पहिल्या प्रतीचा कापूस, सपाट, घट्ट, कडा सरळ. वरून टाके घालून तिचे सहा चौकोन पाडले, एकेका पिल्लाला एकेक. पांघरायला वर मोकळ्या पिंजलेल्या कापसाचा थर. खोटं कशाला बोलू, काम देखणं झालं होतं. कुठल्याही बाळंतिणीच्या खोलीत शोभलं असतं.

आईचे केस मात्र त्यांनी उकिरड्यावर टाकले नाहीत. चिमटीत धरले, गालाला लावले, आणि डोळे मिटले. असा माल उभ्या आयुष्यात हाती लागला नाही, असं पुटपुटले. मी वर माझ्या मशीनकडे निघून गेले. त्या केसांचं पुढे काय झालं ते मी विचारायला हवं होतं.

दुपारपर्यंत सगळं विस्कटलं. बाईसाहेब आली, खोक्यात नाक घातलं, मागचा पाय दाणकन आपटला आणि जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. पिल्लं आपापल्या चौकोनात राहायला तयार नव्हती. आंधळी, उघडी, एकमेकांना शोधत सरपटायची, पण सपाट गादीवर एक इकडे जायचं तर दुसरं तिकडे. खड्डा असता तर घसरून एकत्र आली असती, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार. भावोजी बाईसाहेबांसमोर उकिडवे बसून तिला सुनावत होते. आई आहेस की पाहुणी, असं विचारत होते. ताईने दूध कोमट केलं आणि औषधाचा ड्रॉपर धुवायला घेतला. मी हाक ऐकून खाली आले तेव्हा एका पिल्लाच्या मागच्या पायाला कापसाचा तंतू आवळून बसला होता, पाय निळसर झाला होता. माझ्या छोट्या कात्रीने मी तो कापला. आणि एक पिल्लू पार कोपऱ्यात गेलेलं, दगडासारखं गार.

ते मी उचलून कपड्याच्या आत छातीशी धरलं आणि दुसऱ्या हाताने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. नंबर मुलीने पिंजऱ्यालाच चिकटवून दिला होता. तोपर्यंत तो कुणाला दिसला नव्हता.

बाई शांतपणे ऐकत होत्या. दूध पाजलं का, असं आधी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, मग ते भांडं ठेवून द्या, गाईचं दूध या जिवांना झेपत नाही, पोट बिघडून जातात. सशीण पिल्लांजवळ बसून राहत नाही. दिवसाकाठी एकदोनदा, पहाटे नाहीतर तिन्हीसांजेला येते, थोडा वेळ पाजते आणि लांब जाते. ती निष्ठुर नसते, आपल्या वासाने कुणी शत्रू पिल्लांपर्यंत पोचू नये म्हणून लांब राहते. तिला खायला गवत आणि प्यायला पाणी भरपूर द्या. पिल्लांना खोलगट जागा लागते. आणि कापूस तर आधी बाहेर काढा. मग त्यांनी विचारलं, "तिने स्वतः केलेलं अंथरूण कुठे आहे?"

मी भावोजींकडे बघितलं. भावोजी छताकडे बघत होते.

"अहो, ते केस कुठे टाकलेत?" ताईने विचारलं.

"टाकले नाहीत," भावोजी म्हणाले.

खरंच, ते कसे टाकतील? मी मागच्या फळीकडे बघितलं आणि मला सगळं कळलं. बाळाची गादी त्याच दुपारी पुरी झाली होती. बाळाचं डोकं जिथे येणार तिथे, कापसावर आणि खोळीच्या आत, सशिणीच्या केसांचा थर घातला होता, आणि शेवटचा टाका मारून दोरा दाताने तोडला होता. फोम जिच्यापुढे हात टेकेल अशी गादी अखेर त्यांनी केली होती.

फोनवर बाई सांगत होत्या की केस असतील तर तेच परत ठेवा, त्यांना तिचा वास आहे, तिथेच ती येईल. तिच्या छातीवर आता उपटायला काही राहिलं नसणार. मी म्हणाले, केस आहेत, पण शिवून टाकलेत.

"मग उसवा," त्या म्हणाल्या.

हा शब्द आपण कुणाच्या घरात उच्चारला हे त्या बिचाऱ्यांना काय ठाऊक.

ताईने पिल्लं कापसावरून उचलून परत टोपलीत ठेवली. टोपलीतली पिल्लं चिवचिव करत होती, तीही हळूहळू मंदावत चालली होती. भावोजी उठले, फळीवरून गादी काढली आणि मांडीवर घेतली. मी ती पहिल्यांदाच पुरी झालेली बघत होते. माझी खोळ एरवी त्यांच्या भरण्याने तट्ट फुगते, ही मात्र अशी बसली होती की शिवण कुठे संपते आणि गादी कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. त्यांनी तळव्याने दाबलं, उशाशी, मधोमध, पायथ्याशी. मग माझ्यापुढे हात केला. माझी कात्री हवी होती. उसवायचं हत्यार त्यांच्या दुकानात नव्हतंच.

त्यांना उसवता येईना. इतक्या वर्षांत कधी केलं असेल तर ना. भलताच दोरा ओढायचे, तो आणखी घट्ट व्हायचा. मी म्हणाले, द्या इकडे, माझं रोजचंच काम आहे.

"नको," ते म्हणाले. "मी घातलेत, मीच काढतो."

एकेक टाका काढला. खोळ उघडली, केसांचा थर अलगद उचलला, कापसाला चिकटलेले केस चिमटीने वेचले, खिडकीशी धरून बघितले. कापसाचा तंतू आला तर फुंकून टाकायचे. गादीचं पोट फाटलं, कापूस बाहेर आला, चपटी खोळ नुसती मांडीवर पडून राहिली. आता नातवंडाखाली फोमच जाणार, हे त्यांना पुरतं कळत होतं. तरी हात थांबला नाही. मला रडू आलं. मी कापूस डोळ्यांत गेला असं सांगितलं, आणि या घरात ही सबब सगळ्यांना चालते.

मग भावोजींनी ताईला विचारलं, खड्डा कसा होता. अंथरुणाच्या बाबतीत त्यांनी कुणाला काही विचारल्याचं मला आठवत नाही. ताईने नवीन कोरडं गवत घातलं, मुठीने मध्ये खळगा केला, त्यात केस पसरले. पाच पिल्लं एकावर एक ठेवली. माझ्याजवळच्या सहाव्याने तोवर हालचाल केली आणि आपण जिवंत आहोत याची खूण म्हणून माझ्या अंगावर लघवी केली. इतका आनंद मला कुणाच्या लघवीने झालेला नाही. तेही इतरांत ठेवलं, वर उरलेले केस पांघरले.

डॉक्टरीणबाईंचं शेवटचं सांगणं होतं की आता सगळ्यांनी तिथून निघून जायचं. पिल्लं वाचवणं सोपं होतं, भावोजींना खोलीबाहेर काढणं कठीण होतं. आधी दाराच्या फटीतून बघतो म्हणाले. मग नुसता कान लावतो म्हणाले. शेवटी ताईने त्यांना मागच्या खोलीत बसवलं आणि दारात स्वतः खुर्ची टाकून बसली. ताई तोंडाने कधी काही म्हणत नाही, पण ती दारात बसली की त्या घरातून कुणी बाहेर जात नाही.

तिन्हीसांजेला बाईसाहेब उठली. हे मला कसं कळलं? दाराच्या फटीला डोळा मी लावला होता. मला कुणी मनाई केली नव्हती. ती रमतगमत खोक्यापाशी आली, नाक आत घातलं, बराच वेळ हुंगत राहिली. मग उडी मारून आत गेली आणि पिल्लांवर उभी राहिली. कपभर चहा प्यायला लागेल तेवढ्याच वेळात बाहेर आली, तोंड पुसलं आणि काही घडलंच नाही अशी गवत खायला लागली. आम्ही आत जाऊन केस बाजूला केले. सहाही पोटं गोल आणि तट्ट. भावोजींनी तळव्याऐवजी एकच बोट घेतलं, आणि एकेका पोटावर टेकवलं.

"भरणं पक्कं आहे," ते म्हणाले. एवढी स्तुती त्यांनी दुसऱ्या कुणाच्या कामाची केलेली नाही.

त्यानंतर पिंजायचं यंत्र बरेच दिवस बंद राहिलं, कारण आवाजाने बाळंतीण दचकते. गिऱ्हाइकांनी कुजबुजत बोलायचं असा नियम झाला. गादीत गाठी आल्यात म्हणून भांडायला आलेल्या एका बाईंना भावोजींनी इतक्या हळू आवाजात भांडायला लावलं की शेवटी त्याच कंटाळून गेल्या. रोज सकाळी हाताला गवत चोळून, बाईसाहेबांना पाल्याची लाच देऊन, भावोजी पिल्लं मोजायचे, अंथरुणातलं ओलं गवत तेवढं बदलायचे आणि केस जसे होते तसे परत ठेवायचे. कुणी अंथरुणाचं कौतुक केलं तर म्हणायचे, तिच्या हातचं आहे, आपण फक्त राखण करतो. पिल्लांच्या अंगावर लव आली, डोळे उघडले, आणि एक दिवस सहाही जण खोक्याच्या बाहेर येऊन माझ्या चपला खात होती.

तेव्हा मुलगी आली. चांगलीच अवघडलेली, पण पिल्लं बघून जमिनीवर बसली आणि उठायचं नाव घेईना. पाय आवळलेलं कोणतं, गार पडलेलं कोणतं, हे ताईने दाखवलं. मुलीचं लक्ष मग खिळ्याला लटकलेल्या रिकाम्या खोळीकडे गेलं, पांढरी, पिवळ्या पट्टीची, एक बाजू उसवलेली. हे काय, असं तिने विचारलं. खोळ आहे, शिंपीणबाईची, असं म्हणून भावोजी दारात नसलेल्या गिऱ्हाइकाशी बोलायला निघून गेले. मग तोंडाने कधी काही न म्हणणाऱ्या माझ्या ताईने मुलीला सगळं सांगितलं, पहिल्या मुठीपासून शेवटच्या टाक्यापर्यंत. मुलगी ऐकत राहिली. निघताना तिने खोळ खिळ्यावरून काढली, घडी घातली आणि पिशवीत टाकली. भावोजींनी ते बघितलं आणि मूग गिळून बसले.

मुलीला मुलगी झाली. आम्ही तिच्या घरी बघायला गेलो तेव्हा वाटेत ताईने भावोजींना बजावलं की आज कुठेही, काहीही दाबायचं नाही. त्यांनी कबूल केलं. दारात चपला काढल्या, पाणी प्यायले आणि सरळ आतल्या खोलीत गेले. जावई बिचारा भिंतीला पाठ लावून उभा राहिला. मुलीने बाळाला उचलून खांद्यावर घेतलं आणि बाजूला झाली.

छोट्या पलंगावर माझी पांढरी खोळ होती, पिवळ्या पट्टीची. आत फोम होता, जावयाने मापात कापलेला, ते दिसतच होतं. भावोजींनी पायथ्याशी दाबलं, मधोमध दाबलं, चेहरा कोरा. उशाशी दाबलं आणि हात तिथेच राहिला. त्या जागी फोमवर कापसाचा थर होता. निवडलेला, सरकीचा कण नसलेला. ताईने तो मुलीकडे कधी पोचवला हे मला आजही माहीत नाही, आणि मी त्यांच्याच घरात राहते. आपला कापूस त्या हाताने ओळखला. मग त्यांनी बाजूची शिवण बघितली. ती मुलीने स्वतः घातली होती, शिंप्याकडे द्यायला जावयाला मनाई केली होती. एक टाका लांब, एक आखूड, एक तर भलतीकडेच गेलेला.

"टाके वाकडे आहेत," भावोजी म्हणाले.

मुलीचा चेहरा उतरला. "उसवते, बाबा. तुम्ही घालून द्या."

"हात लावायचा नाही," भावोजी म्हणाले. "आईनं घातलेत."

मुलीने बाळाला त्या गादीवर ठेवलं. बाळाने तोंड वाकडं केलं, पाय ताणले आणि झोपून गेलं. भावोजी बाहेर आले, जावयाला हाताला धरून आपल्या शेजारी बसवलं, आणि चहा येईपर्यंत कुणाच्याही पाठीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.